भार कुणावर

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून धाकटा भाऊ नागपूरहून शेलूबाजारला घरी वरचेवर येतो. आता ऑटोमॅटिक गाडी घेतलीय. घरासमोर चांगलाच उतार. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून आबांनी जोतं मुद्दाम उंच घेतलेलं.

गाडी लावताना तो घाई करत नाही. पाय ब्रेकवर, गिअर ‘एन’मध्ये, मग हँडब्रेक. पाय अलगद उचलून गाडीला हँडब्रेकवर बसू देतो, पुन्हा ब्रेक दाबतो आणि शेवटी ‘पी’. हा ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकाच्या खाचेत अडकणारी एक लहानशी खिट्टी. सगळं ओझं तिच्यावरच टेकलं, तर निघताना गिअर अडतो, खाट्‌कन आवाज येतो.

ती खिट्टी माझ्या डोक्यातून जात नाही. आबा गेल्यावर घराचा भार आईवर टेकला तो कधी, कुणी ठरवून? तसा आवाज तिच्याकडून कधी आला नाही. की आला तेव्हा आम्ही लांब होतो, कोण जाणे.

आई मात्र अजूनही चाकामागे दगड लावते. धाकटा हसतो. खरं तर उतारावर तेही बरोबरच आहे.