अक्षत घेऊन घाटाखाली

आपल्या बेळगावच्या मुलांना घाट म्हटला की चोर्ला आठवतो आणि चोर्ला म्हटला की गोवा. शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी बीचवर जेवायचं आणि रविवारी रात्री परत यायचं. मीही असा पुष्कळदा गेलो आहे. गेल्या डिसेंबरात मात्र याच घाटांतून दोन दिवसांची, सुमारे तीनशे किलोमीटरची फेरी वेगळ्या कामासाठी केली. ताईचं लग्न ठरलं होतं आणि घाटाखालच्या नातेवाइकांना पत्रिका द्यायच्या होत्या. बाबांचं म्हणणं, हल्ली सगळे फोनवर पाठवतात. आईचं म्हणणं, अक्षत फोनवरून जात नाही. शेवटी आईनं डब्यात कुंकवाची अक्षत भरून दिली, माझ्या पाठपिशवीत बारा पत्रिका गेल्या आणि मी १५० सीसीची जुनी पल्सर बाहेर काढली.

जायचा रस्ता ठरवला तो आंबोलीचा. हिंडलगा, शिनोळी करत चंदगड तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि काजू. डिसेंबरात ऊसतोड जोरात असते. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. म्हणून अंधारात निघायचं नाही, नीट उजाडलं की निघायचं. पाटणे फाट्याच्या पुढे एका टपरीवर चहा घेतला. चहावाल्यानं केए २२ नंबरप्लेट बघितली, तरीही विचारलं, "कुठनं आलासा?" हा प्रश्न पुढे दोन दिवस माझ्यासोबत राहणार होता.

आंबोलीची उंची सुमारे ७०० मीटर. पावसाळ्यात इथं वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेव्हा धबधब्यापाशी उभं राहायला जागा नसते. डिसेंबरात गर्दी नसते, धुकं असतं आणि हवेत छान गारवा असतो. मुख्य रस्ता सोडून हिरण्यकेशीच्या मंदिरात जरूर जा. नदी तिथल्या गुहेतून बाहेर पडते. त्या कुंडात सापडलेल्या छोट्याशा माशाला २०२० मध्ये 'शिस्तुरा हिरण्यकेशी' असं नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. गंमत अशी की इथून समुद्र इतका जवळ, पण नदी पाठ फिरवते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी मात्र काही तासांत अरबी समुद्राकडे धावतं.

घाट उतरताना एक पथ्य पाळा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन बंद करून किंवा क्लच दाबून गाडी सोडू नका. सतत ब्रेक धरला की तो तापतो आणि नेमका वळणावर दगा देतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. दरडीच्या बाजूला बारीक खडी साठलेली असते, तिच्यावर चाक घालू नका. माकडांना खाऊ घालायला तर अजिबात थांबू नका.

सावंतवाडीत मोती तलावाजवळ मामांकडे पहिली पत्रिका दिली. मामींनी अक्षत ओंजळीत घेतली, देवापुढे ठेवली आणि मग पाणी विचारलं. लहानपणी मला हा नुसता रिवाज वाटायचा. त्या दिवशी कळलं की पत्रिका वाचण्याआधीच 'आम्ही येतो' असं सांगायची ती पद्धत आहे.

मुक्काम शिरोड्याला आत्याकडे. अंगणात गाडी लावतो तोच आत्या ओरडली, "मेल्या, एवढ्या लांबसून मोटारसायकलीर इलंस? आवशीन सोडल्यान कसो?" आत्याचा जन्म बेळगावचा, पण तिथं चाळीस वर्षं राहून ती पक्की मालवणी झाली आहे. संध्याकाळी तिच्याबरोबर मिठागरांकडे गेलो. १९३० साली इथं मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत याच गावात शिक्षक होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात ज्यांचं नाव वाचलं, त्यांच्या वर्गात आत्याचे सासरे शिकले होते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. पत्रिका फोनवर गेली असती तर कळलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडी. माऊलीच्या देवळात एक पत्रिका ठेवली. पुढची पत्रिका होती बाबांच्या चुलतभावाची. काजूच्या बागेच्या वाटणीवरून अकरा वर्षं आमच्या दोन घरांत येणं-जाणं नव्हतं. बाबा म्हणाले होते, "त्यांची पोस्टानं टाक." आई काहीच म्हणाली नव्हती, पण डब्यातली अक्षत तिनं मोजून बारा घरांची दिली होती.

काका पडवीत सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी मला ओळखलं नाही. "खंयसून इलंस?" त्यांनी विचारलं. मी बेळगाव म्हटलं आणि बाबांचं नाव सांगितलं. काकांचे हात थांबले. आतून काकू तांब्याभर पाणी आणि गूळ घेऊन आल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "बापूस बरो आसा मा?" मी हो म्हटलं. लग्नाला येतो असं ते म्हणाले नाहीत. बागेचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण अक्षत त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, उठले आणि स्वतः देव्हाऱ्यात ठेवून आले. निघताना काकूंनी पाठपिशवीत सोलांची पुडी कोंबली. काका फाटकापर्यंत आले आणि एवढंच म्हणाले, "काळोख पडायच्या आदी घाट चढ."

रेडीहून तेरेखोल अगदी जवळ. नदीच्या उत्तर तीरावरचा हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधला, पुढे १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. नदीच्या या बाजूला असूनही तो आज गोव्यात आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये सत्याग्रहींनी इथं तिरंगा फडकवला होता. १९६१ पर्यंत समोरचा तीर हा परका मुलूख होता. आता फेरीबोटीत गाडी चढवली की काही मिनिटांत आपण पलीकडे केरीला. बोटीवरच्या माणसानं विचारलं, "खंयच्यान आयल्यात?" प्रश्न तोच, फक्त बोली बदलली होती.

गोव्यातल्या या वाटेवर केरी नावाची दोन गावं लागतात. एक पेडण्यातलं, समुद्राकाठचं. दुसरं सत्तरीतलं, चोर्ला घाटाच्या पायथ्याचं, अंजुणे धरणाजवळचं. एका केरीहून दुसऱ्या केरीला जाताना म्हापसा, डिचोली, साखळी लागतात. या वाटेवर उरलेल्या पत्रिका दिल्या. कुणी मराठीत बोललं, कुणी कोंकणीत, एका आजीनं दोन्हींत. प्रत्येक घरी तांदूळ आधी देवापुढे गेले.

चोर्ला चढायला दुपारी तीनच्या आत सुरुवात करा. वळणं दाट जंगलातून जातात, मोठ्या गाड्या असतात, आणि अंधार पडल्यावर जांबोटीपर्यंत गवा केव्हा रस्त्यात उभा राहील सांगता येत नाही. वर आलं की कणकुंबी. इथंही माऊलीचं देऊळ आहे आणि तिथंच मलप्रभा उगम पावते. हिरण्यकेशीसारखीच हीसुद्धा समुद्राकडे पाठ करून कृष्णेला जाऊन मिळते. शेवटची पत्रिका मी या माऊलीपुढे ठेवली.

मंडळी, ही फेरी करायला मोठी गाडी लागत नाही. चेन, ब्रेक आणि टायर तपासा, हेल्मेट घाला, आणि परत आल्यावर खाऱ्या हवेतून आलेली गाडी साध्या पाण्यानं धुऊन चेनला तेल द्या. निघण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच विचारा, घाटाखाली आपलं कोण कोण आहे? यादी बहुतेक तुमच्या अंदाजापेक्षा मोठी निघेल. एखादं नाव सांगताना कुणी थोडं अडखळलं, तर त्या घरी आधी जा.