फुकटचा मांगूर

आज पिकाचं नाही, शेततळ्याचं लिहितोय. चूक माझीच हाय, म्हणून लिहितोय.

गेल्या आषाढात ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात रोहू, कटला, मृगळची हजार बोटुकली सोडली. डबे घेऊन गावात आलेला बीजवाला म्हणाला, "मामा, हे शंभर मांगूर तुम्हाला फुकट. गावरान हायेत." फुकट म्हणल्यावर कोण नको म्हणतंय! पावती घेतली नाही, मिशावाली काळी पिल्लं बघितली अन् दिली ओतून.

पौषात हरभऱ्याला पाणी देऊन तळं तळाला गेलं, तेव्हा जाळं ओढलं. हजारातले रोहू-कटला उरले चाळीस. मांगूर पासष्ट, एकेक किलोच्या आसपास. मी खुश! पण मत्स्यशास्त्र शिकलेला पुतण्या म्हणाला, "तात्या, गावरान मांगूर सहा महिन्यांत पावशेर भरत नाही. हा आफ्रिकन हाय." एक चिरून दाखवला. पोटात बेडूक अन् रोहूचं शेपूट.

केंद्र सरकारनं या माशावर २००० सालीच बंदी घातलीय. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानंही साठे नष्ट करायला सांगितलं. तरी एक व्यापारी गुपचूप न्यायला तयार होता. पैसे दिसत होते, खोटं कशाला बोलू. शेवटी खड्डा खणून चुना टाकून पुरले. घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही.

खरा घोर वेगळाच. सोडले शंभर, सापडले पासष्ट. काही एकमेकांनी खाल्ले असतील. पण भाद्रपदात तळं सांडव्यावरून ओढ्यात वाहिलं होतं. हा मासा हवेतला श्वास घेतो, ओल्या गवतातून परांवर रेटत जातो. ओढ्यातून नदी, पुढं गोदावरी. तिथून कोण काढणार?

पुतण्यानं लॅम्प्रेचं सांगितलं. आपल्या ज्वारीला टारफुला चिकटतो तसा हा बिनजबड्याचा मासा दुसऱ्या माशाला तोंडानं चिकटून रक्त पितो. अमेरिका-कॅनडात जहाजांसाठी वेलँड कालवा सुधारला अन् १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात दिसला. मग वरच्या सरोवरांत पसरला, ट्राउटची मासेमारी बसली. १९५८ पासून ओढ्या-नद्यांत त्याच्या पिल्लांवर औषध सोडतायत, अजून संपला नाही. एवढा पैसा असणाऱ्यांची ही गत.

तेव्हा बीज घ्यायचं तर सरकारी किंवा खात्रीच्या केंद्रातून, पावतीसह. सांडव्याला बारीक जाळी पावसाआधी लावा. मी आता लावलीय, म्हणजे बैल पळाल्यावर दावं.

परवा ओढ्याच्या डोहावर एक पोरगं गळ टाकून बसलं होतं. काय लागलं म्हणून विचारलं. त्यानं बादली पुढं केली. मिशावाले तीन होते, हातभर लांब.