गस्तीवर दोन ते चार

दिवाळीची सुट्टी मंजूर झाली, ट्रॅव्हल्सवाल्याने नेहमीच्या तिकिटाचे दुप्पट-तिप्पट पैसे उकळले, की आपण पुणेकर (म्हणजे मूळचे कराडकर, लातूरकर, परभणीकर वगैरे) सुटलो! येताना फराळ भरायला एक रिकामी बॅग, आईसाठी साडी आणि 'लागला तर' म्हणून लॅपटॉप. दाराला कुलूप. ते दोनदा ओढून बघायचं. आणि रिक्षा निम्म्या रस्त्यात आली की आठवायचं, गॅस बंद केला होता का?

आपण सुटतो नेमका तेव्हाच आणखी एका धंद्याचा सीझन सुरू होतो. त्याची बातमी पेपरमध्ये ठरलेल्या साच्यातून येते. 'बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी लाखोंचा ऐवज लंपास केला.' मास कॉमच्या इंटर्नशिपमध्ये पोलिसांच्या प्रेसनोटवरून मी अशा कित्येक बातम्या पाडल्यात. रस्ता बदलायचा, रक्कम बदलायची, बाकी कॉपी-पेस्ट. 'ऐवज' हा शब्द मी त्याआधी कधी तोंडाने उच्चारला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

गेल्या दिवाळीत मात्र हा साचा आमच्या शेजारच्या बिल्डिंगपर्यंत आला. एकाच दुपारी दोन फ्लॅट फुटले. हो, दुपारी! दीड ते तीनच्या मधे, जेव्हा काका लोक वामकुक्षी घेतात आणि आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये असतो. आमची सोसायटी कर्वेनगरात. तीन विंग, चोपन्न फ्लॅट, त्यातले निम्म्याहून जास्त भाड्याने दिलेले. सेक्रेटरीकाकांनी त्याच रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग लावली आणि चौकीतून एका हवालदारसाहेबांना बोलावलं.

मीटिंगमध्ये काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. कॅमेरे वाढवा. डिलिव्हरीवाल्यांना गेटवरच थांबवा. कामवाल्या बायकांच्या पिशव्या तपासा. वॉचमन झोपतो, त्याला काढा. (आमचे वॉचमनकाका बारा तासांची रात्रपाळी करतात आणि पहाटे पाचपासून सोसायटीतल्या अठरा गाड्या धुतात. त्याशिवाय त्यांचं घर चालत नाही. डुलकी लागली तर काय नवल?)

हवालदारसाहेब सगळं शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दिवाळीत कोण गावी जाणार आणि कोण राहणार, तेवढी यादी द्या. आम्ही रात्री राउंडला त्या हिशोबाने थांबू." सेक्रेटरीकाकांनी फाइल काढली. यादी होती, पण मालकांची. एक मालक बाणेरला, एक न्यू जर्सीत, एक वारलेले. प्रत्यक्ष फ्लॅटमध्ये कोण राहतं त्याचा पत्ताच नाही. गंमत म्हणजे भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे नोंदवलेली होती. ती नव्हती फक्त आमच्याकडे, जे रोज एका जिन्यातून चढतो-उतरतो.

लोकांनी पोलिसांच्या बरोबरीने आपल्या वस्तीवर लक्ष ठेवायचं, ही काही इम्पोर्टेड आयडिया नाही. आपल्या गावगाड्यात रात्री जागणारा 'जागल्या' होता, पुण्यातल्या वाड्यांच्या दारात रामोशी असायचा. अख्ख्या गावाचं सोनं-नाणं ज्यांच्या भरवशावर, त्या रामोशी समाजाचं नाव आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे कशातून मुक्त? तर इंग्रजांनी १८७१ पासून कायदा करून ज्या जमातींवर जन्मतःच 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, त्या शिक्क्यातून. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. राखणदार कोण आणि संशयित कोण, हे आपल्याकडे किती सहज बदलतं, बघा.

पोलीस आणि लोक एकत्र आल्याचं आपल्या राज्यातलं सर्वात गाजलेलं उदाहरण म्हणजे भिवंडी. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून आणि पुन्हा १९८४ मध्ये हे गाव दंगलीत होरपळलं. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. फंडा साधा होता. दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांनी आणि पोलिसांनी नियमित भेटायचं, तेही काही घडलेलं नसताना. नळाचं भांडण, भाड्याचं भांडण, असलंच बोलायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. पुण्यात २०१७ मध्ये नोकरदार मुलींसाठी 'बडी कॉप' आला. मुलींचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि त्या ग्रुपसाठी नेमून दिलेला पोलीस. शाळा-कॉलेजांसाठी 'पोलीस काका' आले. पोलिसांना 'मामा' म्हणणाऱ्या शहरात एकदम काका! असो.

आमच्या मीटिंगमधून निघालं ते एवढंच, की धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत रात्रीची गस्त घालायची. दोन-दोन तासांच्या पाळ्या. यादीत सगळे पुरुष. मी नाव द्यायला गेले तर सेक्रेटरीकाका म्हणाले, "अगं, रात्रीचं तू कुठे? तू दुपारचं बघ की." शेजारी चोरी दुपारीच झाली होती, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी दुपार घेतली आणि रात्रीचे दोन ते चारही घेतले. फ्रीलान्सरला तसंही त्या वेळी जाग असते, डेडलाइनच्या कृपेने.

पहिली रात्र धमाल गेली. थर्मासमधला चहा, चकल्या, बँकेतून रिटायर झालेल्या काकांचे किस्से. ए विंगमधला जिम ट्रेनर हॉकी स्टिक घेऊन आलेला. दोन आयटीवाले. आणि मी. पोरं जॅम खूश होती. कॉलेजच्या ट्रेकनंतर इतक्या रात्री कुणी एकत्र जागलंच नव्हतं.

पावणेतीनला मागच्या छोट्या गेटमधून एक मुलगा आत आला. डोक्यावर हूड, पाठीला मोठी सॅक. लिफ्टकडे न जाता सरळ सी विंगच्या जिन्याकडे निघाला. काकांनी टॉर्च मारला. "ए, कुठे निघालास?"

"घरी."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या."

तोवर ट्रेनरने त्याची कॉलर धरली होती. एका आयटीवाल्याने ग्रुपवर टाकलं, 'चोर पकडला. सी विंग.' मी ओरडले, "हात लावू नका, मी ११२ लावतेय," आणि फोन कानाला लावला. पण दोन मिनिटांत जिन्यावरून चपलांचे आवाज यायला लागले. वीस-पंचवीस माणसं. कुणी त्याची सॅक ओढतंय, कुणी शूटिंग करतंय. तो काहीतरी सांगत होता, पण कुणालाच ऐकू जात नव्हतं. मग गर्दीतून एक हात आला आणि त्याच्या कानाखाली बसला. तो कुणाचा, हे आमच्या सोसायटीत आजही कुणी सांगत नाही.

तेवढ्यात केबिनमधून वॉचमनकाका धावत आले. "अहो, सोडा! सी-तीनशेचारमधला आहे तो. कंपनीची कॅब रोज मागच्या गेटला सोडते त्याला."

आठ महिने तो मुलगा आमच्यात राहत होता. परभणीचा. अमेरिकन कंपनीची शिफ्ट, म्हणून जायचा संध्याकाळी आणि यायचा असा अपरात्री. तो लिफ्टकडे गेला नाही, कारण लिफ्ट रात्री बाराला बंद करायची हा आमच्याच सोसायटीचा ठराव. चोपन्न फ्लॅटमध्ये त्याचा चेहरा ओळखणारा एकच माणूस होता, ज्याला काढून टाका म्हणून आठवड्यापूर्वी ठराव मांडला जात होता. मुलाने थरथरत्या हाताने कंपनीचं आयकार्ड काढून दाखवलं. ते आता कुणीच मागत नव्हतं.

बीट मार्शल आले. त्यांनी सगळ्यांना चांगलंच झापलं आणि ते झापणं मला फार आवडलं. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होत असेल, तर साधा नागरिकही गुन्हेगाराला धरू शकतो. पण त्याला लगेच, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं, असं नवीन कायदा सांगतो. जिना चढणं हा काही गुन्हा नव्हे. आणि मारायचा हक्क तर पोलिसांनाही नाही. "गस्त म्हणजे लाइट लावा, आवाज द्या, नाव विचारा, शंका आली तर आम्हाला फोन करा," मार्शल म्हणाले. "स्टिक घरी ठेवा."

मला त्या रात्री झोप लागली नाही. डोक्यात राईनपाडा फिरत होतं. धुळे जिल्ह्यातलं हे गाव. १ जुलै २०१८ ला, मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली असताना, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे जमावाने जिवे मारले. त्या जमावालाही आपण गावाचं रक्षणच करतोय असं वाटत असणार. आमच्याकडे कार्ड होतं, वॉचमनकाका होते, पार्किंगचा लाइट होता. यातलं एक जरी नसतं तर?

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकाका फराळाचा डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. त्याने डबा घेतला. दार मात्र पूर्ण उघडलं नाही.

गस्त आम्ही बंद केली नाही, पण बदलली. आधी यादी केली, मालकांची नाही, राहणाऱ्यांची. नाव, गाव, शिफ्ट, घरच्यांचा नंबर. एका शनिवारी सकाळी सगळ्यांना पार्किंगमध्ये इडलीला बोलावलं. सी-तीनशेचारवाला आला नाही, पण त्याचा रूममेट आला. कामवाल्या मावशींनाही बोलावलं, कारण कुठल्या दारात दोन दिवस पेपर पडलाय हे सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. पिशव्या तपासण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. वॉचमनकाकांना खुर्ची, हीटर आणि आठवड्याची एक सुट्टी मिळाली. पगार मात्र पाचशेच वाढला. त्यावर मी पुढच्या मीटिंगमध्ये भांडणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, ते सगळं ठीक, पण आम्ही गावी निघालोय, आमच्या फ्लॅटचं काय? तर हवालदारसाहेबांनी सांगितलेल्यातलं मला पटलेलं सांगते. बाहेरून दिसणारं भलंमोठं कुलूप म्हणजे 'आम्ही नाही आहोत'ची पाटी. त्यापेक्षा दारात बसवलेलं चांगलं लॅच लॉक बरं. पेपर आणि दूध बंद करायला आदल्या दिवशीच सांगा. दिवसाढवळ्या जळणारा बाल्कनीतला दिवाही तीच पाटी. बीचवरचे फोटो परत आल्यावर टाका ना, लाइक्स तेवढेच मिळतात! सोनं कपाटात, साड्यांच्या खाली ठेवू नका. ती जागा सगळ्या जगाला माहीत आहे. लॉकर घ्या. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेत चोरी, दरोडा झाला किंवा आग लागली, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदारी बँकेवर येते. सगळा ऐवज (आला शेवटी तो शब्द!) त्यात भरून निघेलच असं नाही, पण कपाट तर काहीच देत नाही.

आणि गावी असताना फोन आलाच, की दार उघडं दिसतंय, तर शेजाऱ्यांना आत जाऊ देऊ नका. ठसे पुसले जातात. ११२ लावायला सांगा. तक्रारीसाठी त्याच रात्री एसटी पकडून धावत यायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत सही करता येते, आणि 'झिरो एफआयआर' तर कुठल्याही पोलीस ठाण्यात, अगदी आपल्या गावच्याही, नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर तिथेच ठाण मांडून बसा.

या दिवाळीला आमच्या ग्रुपवर रोस्टर पडलाय. दोन ते चारच्या पाळीला एक नवं नाव आहे, सी-तीनशेचार. त्याने स्वतःच टाकलं. 'मी त्या वेळी जागाच असतो,' एवढाच मेसेज. तीन रात्री तो गस्त घालणार आणि मग परभणीला जाणार. मी कराडला निघेन पाडव्याला. तोवर पाच घरांच्या किल्ल्या, दोन तुळशी आणि एक मांजर माझ्याकडे आहे. मांजराचं नाव अजून कुणी सांगितलेलं नाही.