मुका हंबरडा

हंबरडा हा शब्द मुळात गाईचा. वासरू दिसेनासं झालं की ती हंबरते. ‘द गॉडफादर पार्ट थ्री’च्या शेवटी, पालेर्मोच्या तेआत्रो मास्सिमो नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, मायकेल कॉर्लिओनेच्या तोंडून जे बाहेर पडतं त्याला मला किंकाळी म्हणवत नाही. तो हंबरडाच आहे. फक्त मुका.

गोळी मायकेलसाठी होती, लागली मेरीला. लेकीला कवटाळून तो मान मागे टाकतो, जबडा फाटेल इतका उघडतो. आवाज नाही. कानावर येतं ते मास्कान्यीच्या ऑपेरातलं इंटरमेझो, संथ, गोड, कुणाचं काही बिघडलंच नाही असं. त्याची बहीण कनी डोक्यावरून शाल ओढून घेते. सगळे मायकेलकडे बघत राहतात. त्याचं तोंड उघडंच. आपण खुर्चीत श्वास धरून बसतो, हा माणूस आता श्वास घेणार की नाही म्हणून. मग एकदाचा आवाज फुटतो, जाडाभरडा, जनावरासारखा.

अल पचिनो खरोखर ओरडला होता. त्या ओरडण्याचा आवाज काढून घेतला तो वॉल्टर मर्चने, चित्रपटाच्या तीन संकलकांपैकी एकाने. याच मर्चने 1972 च्या पहिल्या भागात, शत्रू सोलोझोला गोळी घालण्याआधी मायकेलचा चेहरा गप्प असताना, पडद्यावर न दिसणाऱ्या आगगाडीचा कर्कश आवाज वाढवत नेला होता. मला वाटतं, हा हंबरडा जन्मला तिथेच, त्या गाडीच्या चाकांखाली. दुसऱ्या भागात तळ्यावर त्याचा भाऊ फ्रेडोला गोळी लागते तेव्हाही तो घशाशी आला होता. मायकेलने नुसती मान खाली घातली आणि तो परत गिळला. अठरा वर्षं तो आत राहिला.

चित्रपटाबद्दल माझी तक्रार आहेच. व्हॅटिकनच्या बँकेचे आणि इम्मोबिलियारे कंपनीच्या शेअर्सचे हिशेब डोक्यावरून जातात. रॉबर्ट डुव्हालचा टॉम हेगन नाही, ती जागा शेवटपर्यंत रिकामी वाटते. विनोना रायडर ऐनवेळी बाहेर पडली आणि मेरीच्या भूमिकेत दिग्दर्शकाची लेक सोफिया आली. समीक्षकांनी त्या पोरीला फार झोडपलं. पण पायऱ्यांवर ती ‘डॅड’ म्हणते आणि कोसळते, तेव्हा मला अभिनयाचे गुण द्यावेसे वाटत नाहीत. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा थोरला मुलगा 1986 मध्ये बोटीच्या अपघातात गेला होता. चार वर्षांनी हा बाप कॅमेऱ्यामागे उभा राहून आपल्याच मुलीला पायऱ्यांवर पडताना बघत होता.

त्या संध्याकाळी आत मायकेलचा मुलगा अँथनी मास्कान्यीचाच ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ गात होता. 1890 च्या त्या ऑपेरात नायक तुरिद्दूचा खून रंगमंचावर होतच नाही. तो मेल्याची बातमी एक बाई ओरडून सांगते आणि पडदा पडतो. तिथे मरण दिसत नाही, आक्रोश ऐकू येतो. बाहेर पायऱ्यांवर मरण दिसतं आणि आक्रोशच ऐकू येत नाही.

2020 मध्ये कपोलांनी चित्रपट पुन्हा कापला. नाव बदललं, सुरुवात बदलली, म्हाताऱ्या मायकेलचं खुर्चीतून कलंडून मरणंही काढून टाकलं. हंबरडा मात्र त्याच पायऱ्यांवर आहे.