स्पिटफायरची थोरली बहीण

लोक कुत्री पाळतात, पोपट पाळतात. आम्ही नागपुरात एक म्हातारी मोटार पाळली आहे. ‘स्टँडर्ड हेरल्ड’ तिचे नाव. ‘ट्रायम्फ हेरल्ड’ म्हणून ती 1959 साली इंग्लंडात जन्मली. मिकेलॉटी नावाच्या इटालियन कलावंताने तिचा नाकनकाशा रेखला. 1961 पासून ती मद्रासला बनू लागली. पुढे तिचाच सांगाडा आखूड करून ट्रायम्फने 1962 साली ‘स्पिटफायर’ ही ऐटबाज स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आमची म्हातारी एका स्पोर्ट्स कारची थोरली बहीण! ‘पाहुण्यांना चहाआधी हे नाते पाजले जाते,’ असे आमच्या घरातून म्हणणे आहे.

पण नाते उपयोगी पडते. पुढच्या चाकांच्या जोडणीतले कित्येक भाग दोघींना सारखेच लागतात, आणि स्पिटफायरचे शौकीन विलायतेत पुष्कळ असल्याने ते तेथे आजही नवे बनतात. बाकीच्यांसाठी दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईचा चोरबाजार, चेन्नईचे पुदुपेट आहेच. देशाचे उभे-आडवे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात. तेव्हा पार्सल कोठूनही येवो, आम्ही मध्यावर! मात्र जुना भाग हातात घेऊन, माप ताडून नवा घ्यावा. आणि ब्रेकची रबरे जुन्या साठ्यातली कधीही घेऊ नयेत. न वापरताही रबर म्हातारे होते.

खरी काळजी बॅटरीची. क्वचित निघणाऱ्या गाडीची बॅटरी पडल्या पडल्या उतरते, आणि नागपूरचा उन्हाळा तिचे पाणी पितो. मग दिवाळीत पाडव्याला गाडी काढायची म्हणून ऐन सणात चार्जर बाहेर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी अंगणात पणत्या असतात, पोरांच्या हाती फुलबाज्या!

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो शेकडा 4 भरला, की एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटते आणि आतले आम्ल तोंडावर उडते. म्हणून आमच्याकडे हे काम वसुबारसेच्या आधी, दिवसाउजेडी, मोकळ्या पडवीत उरकते. नातवंडांना तिकडे मज्जाव. मी स्वतः चष्मा आणि रबरी हातमोजे चढवून बसतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड पाणी घालतो. त्या काळच्या कित्येक विलायती गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. म्हणून वायरच्या रंगावर न जाता बॅटरीवरची खूण पाहून चिमटे लावावेत. आधी चिमटे, मग बटण. काढताना आधी बटण, मग चिमटे. चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीला चार अँपिअर पुरे. दहा-बारा तास लागतात, लागू द्यावेत. भरून विसावलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. आम्लाचा थेंब डोळ्यात गेलाच, तर पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे सोडावी आणि तडक डॉक्टर गाठावा.

‘एवढा सोपस्कार एका डब्यासाठी?’ असे शेजारी हसतात. हसोत बापडे. हेरल्डचा दिवा फुटला तर तो आज ना उद्या कोठल्यातरी बाजारात सापडेल. माणसाचा डोळा ना काश्मिरी गेटला मिळतो, ना चोरबाजारात.