शेवटच्या खांबापर्यंत

आमच्या तळोद्यात उसाचा हंगाम सुरू झाला की इंटरनेटचे वाईट दिवस येतात. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या उंचच उंच भरलेल्या असतात. रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या केबलीत वाढ्यांचा शेंडा अडकतो, ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नसतो, आणि मागच्या अख्ख्या गल्लीत डब्यावरचा तांबडा दिवा लागतो. पावसाळ्यात सातपुड्याकडून वारा उतरतो, फांदी मोडून तारेवर पडते. उन्हाळ्यात गटारीसाठी जेसीबी येतो.

वायर तुटते याचा मला राग नाही. ती जोडणाऱ्या मुलाने आतली काच दाखवली, तेव्हापासून तर मुळीच नाही. काळं आवरण सोललं की रंगीत धागा, त्याच्या आत काच. जाडी 125 मायक्रॉन, केसाहून थोडीच जास्त. आणि प्रकाश धावतो तो तिच्याही पोटातल्या 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी 1954 मध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोचवल्याचं जगापुढे मांडलं. 1966 मध्ये चार्ल्स काओंनी सांगितलं, काच पुरेशी निर्मळ करा, मग हा प्रकाश कोसच्या कोस निरोप नेईल. त्याबद्दल 2009 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एवढ्या माणसांच्या बुद्धीचं फळ आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबाला गुंडाळून ठेवलेलं आहे, हे आठवलं की आजही ऊर भरून येतो.

तो मुलगा शिडीवरून उतरला आणि मीटर बघून म्हणाला, "काका, पॉवर येतेय, पण कमी. उणे सत्तावीसच्या खाली गेली की डबा पकडत नाही." मग समजावून सांगितलं. प्रत्येक जोड थोडा प्रकाश खातो. वायर खिळ्याला आवळून वळवली, तरी त्या वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. म्हणजे दर हंगामात एक तुटणं, एक जोड, आणि आमची वायर थोडी थोडी आंधळी होत जाते. "मग नवीनच टाक ना, भाऊ." तो खाली बघत म्हणाला, "वरून मिळत नाही, काका."

खरं दुखणं इथे आहे. तक्रार नोंदवली की नंबर मिळतो. तांबडा दिवा जळतच असतो आणि मोबाइलवर संदेश येतो, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. दुसऱ्या दिवशी फोन येतो तो दुप्पट वेगाचा प्लॅन घ्या म्हणून. मला वेग नको आहे. शेजारच्या मुलीचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेच्या रात्री पूर्ण व्हावा, एवढा भरवसा हवा आहे. ती बारावीची पोर मोबाइल हातात धरून गच्चीच्या कोपऱ्याकोपऱ्यात रेंज शोधत होती. तिच्या आईचा चेहरा मी पाहिला आहे.

देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला रंजना सोनवणे यांच्या हाती पडलं. तेव्हापासून रेशनचं धान्य, निराधारांचं मानधन, पोरांची शिष्यवृत्ती असं एकेक काम अंगठ्याला आणि अंगठा नेटवर्कला बांधला गेला. पुढच्याच वर्षी गावोगावच्या पंचायतीपर्यंत काचेची तार नेण्याच्या योजनेला केंद्राने मंजुरी दिली. आज तिला भारतनेट म्हणतात. तार पोचणं ही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण तार ओढली त्या दिवसाचा फोटो निघतो, आणि ती तुटते त्या दिवसाचा धनी कोण, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

तक्रार बंद करायची ती घरातल्या माणसाला विचारूनच. खांबावर चढणाऱ्या पोराच्या गाडीला नव्या वायरीचं भेंडोळं असावं, ती कधी टाकायची हे ठरवायचा अधिकारही त्यालाच असावा. कुठला जोड कधी मारला ते तोच जाणतो. आणि हे तळोद्यात थांबून चालणार नाही. मोलगीच्या, धडगावच्या डोंगरातली माणसं अंगठा उमटवण्यासाठी रेंज मिळेल ती टेकडी गाठतात, म्हातारीला सोबत घेऊन चढतात. त्यांच्या पाड्यावर तक्रार नोंदवायलाही आधी तो चढ चढावा लागतो. भेंडोळं पहिल्यांदा तिकडे जावं.