घर कोठे घ्यावे?

पहिले स्थलांतर माणूस फारसे निवडीत नाही. नोकरी जेथे मिळते, आतेभाऊ जेथे आधीपासून राहत असतो, तेथे तो जातो. आपल्या वसईच्या धर्मग्रामांतून अमेरिकेस गेलेली पुष्कळ मंडळी अशीच न्यू जर्सीत आणि न्यू यॉर्कच्या आसपास जाऊन राहिली. दुसरे स्थलांतर निराळे असते. घराचा कर झेपेनासा होतो, बर्फ उपसून कंबर धरते, आणि मग घरात दक्षिणेकडील राज्यांची नावे ऐकू येऊ लागतात. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, फ्लोरिडा. हे जाणे स्वखुशीचे असते, म्हणून त्यात निवड आली. आणि निवड आली की घरात वाद आलाच.

असा एक वाद आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबात वर्षभर चालला आणि त्याचा काही भाग आमच्यापर्यंत येऊन पोहोचला. मुलगा संगणकाच्या क्षेत्रात, वीस वर्षे न्यू जर्सीत, आता तेथील नागरिक. कंपनीने त्याच्यापुढे तीन शहरे ठेवली होती: टेक्सासमधील ह्यूस्टन, अलाबामातील बर्मिंगहॅम आणि नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट. याच सुमारास वडील निवर्तले. आई इकडे एकटी राहिली, आणि तिलाही आता कायमचे तिकडे न्यावे असे ठरले. मातोश्रींचे वय चौऱ्याहत्तर. लग्न होऊन आल्यापासून पहाटेची मिस्सा त्यांनी क्वचितच चुकविली असेल. वाटेवरील क्रुसाशी थांबावे, मिस्सा झाल्यावर पतीच्या कबरीवर दोन फुले ठेवावी, चौघीजणींशी बोलावे आणि घरी येऊन वाडीला पाणी सोडावे, असा त्यांचा दिवस.

मुलाने आम्हांस फोन केला. ‘फादर, तुम्ही तिकडे राहून आला आहात. घर कुठे घेऊ?’ त्याने एक तक्ता केला होता आणि तो आमच्याकडे पाठवूनही दिला. घराची किंमत, कर, शाळा, कचेरीचे अंतर, भारतीय किराणा, उन्हाळ्यातील तापमान, असे रकाने होते. शेवटचा रकाना चर्चचा होता. त्यात तिन्ही शहरांपुढे एकच शब्द होता: ‘आहे’.

आम्ही 2014 च्या उन्हाळ्यात टेक्सासमधील एका धर्मग्रामात सहा आठवडे मदतीस होतो. (दक्षिणेकडील अनेक धर्मप्रांतांत भारतीय धर्मगुरूंची अशी ये-जा चालू असते.) त्या सहा आठवड्यांत आम्हांस आणखी काही उमगले असेल नसेल, पण ‘आहे’ या शब्दाचा तिकडचा अर्थ मात्र नीट कळला. पहिल्याच शनिवारी आम्ही जवळच्या दुकानापर्यंत पायी निघालो. दीड मैल म्हणजे काही मोठी मजल नव्हे. थोड्या अंतरावर पदपथ संपला, मग गवत, मग चर. वर जूनचे ऊन. इतक्यात एक ट्रकवाले गृहस्थ थांबले आणि गाडी कोठे बंद पडली म्हणून विचारू लागले. गाडी नाहीच, आम्ही चालत आहोत, हे त्यांना समजावयास वेळ लागला. समजल्यावर त्यांनी थंड पाण्याची बाटली दिली आणि आमचे काही न ऐकता गाडीत बसविले. माणसे फार चांगली. परंतु तेथील नव्या वसाहतींची आखणीच अशी की, रस्ते आतल्या आत वळून संपतात. मागच्या कुंपणापलीकडे दिसणाऱ्या घरी जावयाचे तर मैल दोन मैलांचा वळसा पडतो, आणि बस बहुधा नसते. ज्यास गाडी चालविता येत नाही, तो तेथे साठ वर्षांचा असो की सत्तर, लहान मुलासारखा दुसऱ्यावर अवलंबून होतो.

करांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून लोक हुरळून जातात. पण ह्यूस्टनच्या भोवताली घरपट्टी दरसाल घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जाते, ती विसरतात. अलाबामात घरपट्टी अगदी कमी. हा हिशेब मुलगा आमच्याहून चांगला करीत होता, म्हणून आम्ही त्यात पडलो नाही.

ह्यूस्टनचा विचार त्याच्या मनात पक्का होत आला होता. पश्चिमेकडे नवे, मोठे घर, खाली आईसाठी स्वतंत्र खोली, जवळ केरळी बांधवांची वस्ती. आम्ही त्यास एवढेच म्हटले, पाण्याची चौकशी कर. त्या शहराच्या पश्चिमेस अॅडिक्स आणि बार्कर असे दोन कोरडे जलाशय आहेत. 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर सरकारने ते बांधले. पाऊस नसतो तेव्हा ते नुसते रान दिसते. पुढे शहर वाढत गेले आणि जलाशय पूर्ण भरल्यावर जेथपर्यंत पाणी चढावयाचे, त्या जमिनीवरही घरे उठली. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे वादळ आले तेव्हा हजारो घरांत पाणी शिरले, आणि आपले घर जलाशयाच्या पोटात आहे हे कित्येकांना त्या दिवशी प्रथम कळले. 2018 च्या जुलैत वसईत दिवसचे दिवस पाणी हटले नाही, ते ज्यांनी पाहिले त्यांना यात नवल वाटावयाचे नाही. जुने लोक सांगत असतात की ही खाजणे आहेत, येथे भराव घालू नका. त्यांचे कोण ऐकतो? तिकडे घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरीत नाहीत. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावर बहुधा तीस दिवस लागू होत नाही.

ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर गॅल्व्हस्टन बेट आहे. तेथे 1900 साली 8 सप्टेंबरला, म्हणजे आपण वांद्र्याच्या मोत मावलीस जातो त्याच पवित्र मरियेच्या जन्मदिनी, समुद्र शहरावर चढला. सहा हजारांहून अधिक माणसे बुडाली. किनाऱ्यावर धर्मभगिनींचे अनाथालय होते. त्यांनी कपडे वाळविण्याच्या दोऱ्यांनी मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले. दहा भगिनी आणि नव्वद मुले गेली. तीन मुलगे तेवढे वाचले. आम्ही त्या किनाऱ्यावर उभे राहून एक जपमाळ केली होती. मुलाला ही हकीकत आम्ही सांगितली नाही. उगाच भय कशाला घालावे? परंतु लिहिताना टाळवत नाही.

बर्मिंगहॅमविषयी सूनबाईंना शंका होती. अलाबामात शंभरांत दहासुद्धा कॅथॉलिक नाहीत. शेजारी आपल्याला कसे घेतील? शंकेला इतिहास आहे. 1921 साली 11 ऑगस्टला त्याच शहरात फादर जेम्स कॉइल यांना त्यांच्या धर्मगुरुनिवासाच्या ओटीवर गोळी घालण्यात आली. मारणारा मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि कू क्लक्स क्लॅनचा सभासद होता. त्याच्या मुलीचा विवाह फादरांनी पोर्टो रिकोतील एका कॅथॉलिक गृहस्थाशी लावून दिला, हा अपराध. न्यायालयात तो निर्दोष सुटला, आणि त्याच्या वकिलांपैकी ह्यूगो ब्लॅक पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्याच बर्मिंगहॅमला लागून असलेल्या आयर्नडेल येथे 1981 मध्ये मदर अँजेलिका यांनी मठाच्या गॅरेजात दूरचित्रवाणीचे केंद्र सुरू केले, आणि आज आपल्या घरांतील आजारी माणसे ईडब्ल्यूटीएनवर मिस्सा पाहतात ती तेथूनच. तेव्हा जुन्या भयावर आम्ही आता फार भर देणार नाही. दक्षिणेकडील शेजारी पहिल्या भेटीतच ‘तुम्ही कोणत्या चर्चचे?’ असे विचारतो खरे. उत्तरेकडून आलेल्यांना हे खटकते. आपल्याला का खटकावे? वसईत लग्नाच्या मांडवात अनोळखी माणूस भेटला की ‘कुठल्या देवळाचे?’ हाच तर आपला पहिला प्रश्न असतो. मात्र त्यापुढे जाऊन ‘तुमचे तारण झाले आहे का?’ असे कोणी विचारले तर आपली माणसे बावचळतात. त्याचे उत्तर घरीच तयार करून ठेवावे.

सूनबाईंचे आणखी एक म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. तिकडे सरकारी शाळा पत्त्यावर ठरते. मुले बारा आणि नऊ वर्षांची. चांगली शाळा ज्या भागात, तेथे नवी वसाहत. आणि नव्या वसाहतीत चर्च मोटारीनेच गाठावयाचे. आजीसाठी मुलांची शाळा सोडावी काय? हा प्रश्न त्यांनी आम्हांस सरळ विचारला. आम्ही सरळ उत्तर दिले नाही, कारण ते देण्याचा अधिकार आमचा नव्हता. आम्ही विचारले, मातोश्रींना कोणी विचारले आहे काय?

कोणी विचारले नव्हते. मग एका संध्याकाळी आम्हीच त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. त्या पावट्याच्या शेंगा सोलीत होत्या. म्हणाल्या, ‘फादर, मला घर कसलं, एक खोली पुरे. पण सकाळी उठून जायचं कुठं?’

यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत. तक्त्यात या प्रश्नाचा रकाना नव्हता. आम्ही तो वाढविण्यास मुलाला कळविले: धडधाकट माणसाने नव्हे, आईने, आईच्या पायांनी, मंगळवारी सकाळी कोठे पोहोचावयाचे? रविवारची मिस्सा सगळीकडे मिळते, कोणीही गाडीतून नेतो. मंगळवारी मुलगा कामावर असतो, सून कामावर असते, मुले शाळेत असतात.

याच संदर्भात आम्ही त्याला न्यू ऑर्लिन्सच्या व्हिएतनामी कॅथॉलिकांची हकीकत लिहिली. (तेथील लुइझियाना राज्यात जिल्ह्याला सरकारी कागदोपत्रीसुद्धा ‘पॅरिश’ म्हणतात, ही फ्रेंच आणि स्पॅनिश कॅथॉलिक अमदानीची खूण.) त्या लोकांपैकी पुष्कळ मूळचे उत्तर व्हिएतनाममधील बुई चू आणि फात दियेम या धर्मप्रांतांचे. 1954 मध्ये ते गावेच्या गावे उठून दक्षिण व्हिएतनामात आले आणि 1975 मध्ये पुन्हा निर्वासित झाले. न्यू ऑर्लिन्सच्या महाधर्मप्रांताने त्यांना बोलावून घेतले आणि शहराच्या पूर्वेकडील एका वस्तीत जागा मिळवून दिली. ती दलदलीच्या कडेची जमीन, कोणाला नको असलेली. तेथे त्यांनी आपले चर्च उभारले, त्याच्या भोवती घरे घेतली, आणि त्यांच्या आजीबाईंनी कालव्याच्या काठी भाजीचे वाफे केले. 2005 मध्ये कतरिना वादळाने सगळे बुडविले. काही आठवड्यांतच आपल्या धर्मगुरूंबरोबर ते परतले आणि चिखलात उभे राहून त्यांनी मिस्सा केली. शहराचे इतर भाग तेव्हा ओस होते. जागा निवडताना त्यांनी पाणी पाहिले नाही, हे खरे. माणसे मात्र पाहिली होती.

शार्लटची बाजू मुलाने स्वतः जाऊन पाहिली. शार्लट हा वेगळा धर्मप्रांत झाला तो 1972 मध्ये. पण शहराच्या पश्चिमेस बेलमाँट येथे बेनेडिक्टाईन संन्यासी 1876 पासून आहेत. त्यांच्या मठात ग्रॅनाइटचे एक स्नानसंस्काराचे कुंड आहे. पूर्वी त्या दगडावर उभे करून गुलामांची विक्री होत असे, असे सांगतात. त्याच दगडात आता बालकांचा बाप्तिस्मा होतो. मुलाने त्याचे छायाचित्र पाठविले. दक्षिणेत घर घेणाऱ्याने तेथील दगड काय काय पाहून बसले आहेत, हे ठाऊक असू द्यावे.

त्याच बाजूच्या एका जुन्या गावात त्यांनी शेवटी घर घेतले. साठ वर्षांचे, तीन खोल्यांचे, ह्यूस्टनच्या घरापुढे अगदीच लहान. शाळा बरी आहे, उत्तम नव्हे. सूनबाईंना ते लागून राहिले आहे आणि राहणारच. मुलाला कचेरीस जाण्यास पाऊण तास लागतो. पाण्याची चौकशी त्याने नकाशे काढून केली, कारण सप्टेंबर 2024 मधील हेलीन वादळाने त्या राज्याच्या डोंगराळ भागात आकांत केला आणि कटॉबा नदीकाठच्या घरांतही पाणी शिरले होते. हे घर उंचावर आहे. चर्च सातशे पावलांवर. आपल्या आईच्या चालीने, घड्याळ लावून तो चालत गेला: अकरा मिनिटे. शेवटची चाळीस पावले पदपथ नाही. एक सिग्नल आहे. रोजची मिस्सा सकाळी आठला असते. तेथे नेमाने येणाऱ्या दोन वृद्ध बायका मेक्सिकोच्या आहेत, एक फिलिपाइन्सची.

मागे थोडी वाडी आहे. पावट्याचे बी नेता येईल काय, असे मातोश्रींनी विचारले. विमानतळावर अडवतील, असे आम्ही सांगितले. पतीच्या कबरीविषयी त्यांनी काही विचारले नाही. दोन नोव्हेंबरच्या आधी मी जाणार नाही, एवढे त्यांनी मुलास कळविले आणि त्याने तिकीट पुढे ढकलले.

तिकडे नुसते राहून धर्मग्रामात नाव लागत नाही. कचेरीत जाऊन नोंद करावी लागते. म्हणून आम्ही तेथील प्रमुख धर्मगुरूंस एक पत्र दिले आहे. या बाईंना इंग्रजी येत नाही, जपमाळ येते, वेदी सजविता येते, गाडी चालविता येत नाही, असे त्यात लिहिले आहे. आणि त्या सकाळी साडेसातलाच येऊन बसतील, तेव्हा दार उघडे ठेवावे, अशी विनंती केली आहे.